माझ्या बाजूचा ब्रेक

११ जानेवारी, रविवार

आज पुन्हा गचके! शेवटच्या वळणाआधी चित्र थबकलं, माझी गाडी मग भलतीकडेच उगवली, आणि तोवर मुंगी रेघ ओलांडून मोकळी. एका गाडीच्या अंतराने हरलो. गेल्या रविवारीही तेवढ्यानेच. त्याच्या आधीही.

दिवसभर लोकांना गाडी शिकवतो मी, आणि घरी टेबलाला आवळलेल्या खोट्या स्टिअरिंगपुढे ही गत! दोष माझा नाही. दोष त्या खोक्याचा. मुंगी शाळेत असताना घेतलेला कॉम्प्युटर. आता ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते, सव्वीस वर्षांची घोडी झाली, तरी आमच्या घरात तिचं नाव मुंगीच राहिलं आणि कॉम्प्युटरही तोच राहिला.

शर्यत संपल्यावर हेडफोनमध्ये म्हणाली, "बाबा, तुझं मशीन दमलंय रे. त्रास होत असेल तर राहू दे रविवारचं. काही दिवस."

मी "बघू" म्हणालो.

१२ जानेवारी, सोमवार

"राहू दे" डोक्यातून जात नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून सहा शिकाऊ. पोटरीत गोळा आलाय. लोकांना वाटतं, शिकवणारा नुसता शेजारी बसून असतो. त्यांना काय माहीत, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय अधांतरी धरून बसणं म्हणजे काय ते! दाबायचाही नाही, सोडायचाही नाही. संध्याकाळी घरी आलो की जिना चढताना कठड्याला लोंबकळतो.

नवीन शिकायला आल्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई. साठीला टेकलेल्या. नवरा गाडी चालवायचा, आता त्याला दिसत नाही नीट. दुसऱ्यांच्या तोंडात ड्रिल घालताना हात हलत नसेल, पण क्लच सोडताना पाय असा काही थरथरतो की गाडी गचके खात खात दहा पावलं जाते आणि बंद पडते. मागचे हॉर्न वाजवतात. त्या प्रत्येकाला आरशातून "सॉरी" म्हणतात.

"सर, मला नाहीच जमणार."

"जमतं हो. क्लच हळू. सगळा खेळ सलगपणाचा आहे."

हे मी गेली तीस वर्षं रोज म्हणतो. आज म्हणताना एकदम घरचा कॉम्प्युटर आठवला.

१५ जानेवारी, गुरुवार

ताईला सांगितलं, नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणतोय. ती खालच्या मजल्यावर राहते, पण माझ्या घराचा कारभार तिच्याच स्वयंपाकघरातून चालतो.

"कशाला?"

"खेळायला."

तिने हातातला चमचा खाली ठेवला. "तुझं वय काय?"

"तुझ्याहून चार वर्षांनी कमी."

तिने चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "त्यापेक्षा गुडघा दाखव कुणाला तरी."

तिला कसं समजवायचं? मुंगीची आई गेल्यावर आम्ही बापलेक फोनवर काय बोलायचो? जेवलास का. हो. तू? हो. झोप लागते का. लागते. संपलं. मग मुंगीनेच हे स्टिअरिंग आणि पेडलं पाठवली, कॉम्प्युटरवर खेळ चढवून दिला आणि रविवारी दुपारी चारची वेळ ठरवली. गाडी चालवताना मात्र ती बोलते. साहेबाशी झालेलं भांडण, घरमालकिणीचा खडूसपणा, एक मुलगा बरा वाटला होता तो कसा निघाला. सगळं काही वळणावर, समोर बघत. तिला खरीखुरी गाडी शिकवली तेव्हाही असंच. समोरासमोर बसवलं की आम्ही दोघंही मुके. शेजारी बसून रस्त्याकडे बघायला लागलो की मुंगीला कंठ फुटतो.

रविवार गेला तर माझ्याकडे "जेवलास का" एवढंच उरतं. म्हणून खोकं बदलायचं. आणि एकदा तरी तिला हरवायचं!

१७ जानेवारी, शनिवार

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान. बाजारातल्या जिन्याखाली, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. दुकानदार बोलायला लागला की टेप लावल्यासारखा. मी एवढंच म्हणालो, "गाडीच्या शर्यतीचा खेळ आहे. गचके नकोत."

"काका, मग ग्राफिक्स कार्ड. चित्रं काढायचं काम त्याचंच. बाकी काही बघू नका."

बाकी काही बघितलं नाही. घेऊन आलो. चांगलं कोपरापर्यंत लांब, तीन पंख्यांचं धूड. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो तर शेजारची बाई विचारते, हीटर का?

१८ जानेवारी, रविवार

कार्ड खोक्यात बसत नाही!

लांबीला बसत नाही. तिरकं घातलं, उलटं घातलं, जुन्या डिस्कचा सांगाडा मध्ये येतो. ताई चहा घेऊन वर आली, पाच मिनिटं उभी राहून बघत होती. म्हणाली, "आधी माप घ्यायचं असतं रे. पडदे शिवतानासुद्धा घेतात."

चार वाजता जुन्याच यंत्रावर बसलो. गचके. एका गाडीच्या अंतराने हरलो. मुंगीला कार्डाचं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "बाबा, ऑफिसातली मुलं रविवारी गट करून खेळणार आहेत, मलाही ये म्हणतात." मग थोडं थांबून, "अजून हो म्हटलं नाहीये मी."

अजून.

२१ जानेवारी, बुधवार

दुकानदाराकडे परत. म्हणतो, "खोकं मोठं घ्या ना काका." मी विचारलं, खोकं बदललं की चालेल? तर म्हणे पॉवर सप्लायही बदलावा लागेल, जुन्याचा जीव नाही एवढं कार्ड ओढायचा. बरं, तो बदलला की? मग प्रोसेसर. कार्ड नुसतं चित्रं काढतं, पण कोणती गाडी कुठे आहे, कुणाचं चाक कुठे वळलं हा हिशोब प्रोसेसरने करून द्यायचा. तो म्हातारा असेल तर कार्ड हातावर हात धरून बसतं. आणि नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. आणि नव्या मदरबोर्डला जुनी रॅम चालत नाही.

"मग गेल्या शनिवारी 'बाकी काही बघू नका' कोण म्हणालं होतं?"

"ते कार्डापुरतं म्हणालो होतो."

वर आणि मला रंगीत दिव्यांचे पंखे दाखवायला लागला. मला गाडी चालवायची आहे म्हटलं, दुकान थाटायचं नाही.

थकलो. उद्या सकाळी सातला पहिला शिकाऊ.

२२ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी आज पहिल्यांदा चौक पार केला. उजवीकडून टेम्पो येत होता, त्यांनी पाहिलाच नाही. मी माझ्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबला. अगदी हलकेच, पायाच्या अंगठ्याने. गाडी मंदावली, टेम्पो गेला, पाय सोडला.

पुढे गेल्यावर त्या हरखून म्हणाल्या, "सर, मी बरोब्बर स्लो केली ना? तुम्ही नव्हता ना लावला?"

"नाही हो. तुम्हीच."

घरी जाऊन नवऱ्याला सांगणार म्हणाल्या.

खोटं बोलण्याचा पगार घेतो मी. पण शिकणाऱ्याला हे कळू द्यायचं नसतं. एकदा कळलं की तो गाडी चालवायचं सोडतो आणि माझ्या पायाकडे बघत बसतो. तीस वर्षांत हे एकाच शिकाऊने पकडलं. मुंगीने. तिला शिकवत होतो तेव्हा घाटाच्या उतारावर एकदम म्हणाली, "बाबा, तुझा बूट हलला." रंगेहाथ म्हणतात तसा रंगेपाय सापडलो! "हे चीटिंग आहे," म्हणाली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गाडीत बसताना म्हणाली, "लाव हवा तर. पण मला कळेल असा लावू नकोस."

तिची आई मागच्या सीटवर बसून हसत होती. ते हसू आज सकाळी चौकात का आठवलं कोण जाणे.

२५ जानेवारी, रविवार

शेवटी मुंगीला सांगितलं. कार्ड, खोकं, सगळं. हसली.

"बाबा, एवढं कशाला करतोयस?"

"गचके जावेत म्हणून."

"मला गचक्यांचं काही नाही रे. तुझा जीव मेटाकुटीला येतो, म्हणून म्हटलं होतं राहू दे."

तिने चांगुलपणाने म्हटलं, हे कळतं मला. पण म्हणून ऑफिसातली मुलं थांबणार आहेत थोडीच!

मग तीच शिकवायला बसली. दुकानदार ज्या प्रोसेसरची स्तुती करत होता तो घेऊ नको म्हणाली. त्यात म्हणे कामाचे हात पुष्कळ, पण प्रत्येक हात मंद. सिनेमे जोडणाऱ्यांसाठी तो ठीक. आपल्याला हात थोडे चालतील, चपळ हवेत. रॅमच्या दोन पट्ट्या घे, एकच मोठी नको, जोडीने काम पटकन होतं. आणि मॉनिटर! मी म्हटलं, मॉनिटर धड आहे की. ती म्हणाली, "धड आहे, पण तो सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. मागे तू दीडशे चित्रं काढलीस तरी पुढे साठच दिसणार. एकशे चव्वेचाळीसवाला घे."

"एवढी चित्रं डोळ्याला कळतात?"

"कळत नाहीत. पण हाताला कळतात."

हे मला लगेच पटलं. क्लचही डोळ्याला कुठे कळतो?

आणखी एक सांगितलं तिने. नुसता मोठा आकडा बघायचा नाही. सेकंदाला शंभर चित्रं असून मध्येच एक अडकलं तर गचका बसणारच. त्यापेक्षा ऐंशी असू देत, पण एकामागून एक सारख्या अंतराने यायला हवीत. म्हणजे मी डॉक्टरीणबाईंना रोज सांगतो तेच! शिकवणारी बाई चांगली आहे. बापावर गेली असणार.

आज शर्यत राहूनच गेली. पाऊण तास नुसते बोललो. बरं वाटलं. मग भीती वाटली, की आता शर्यतीवाचूनच रविवार जायला लागले तर?

२८ जानेवारी, बुधवार

पॉवर सप्लाय घेतला. खोकं घेतलं. माप घेऊन!

३१ जानेवारी, शनिवार

दोन शिकाऊ आजारी, म्हणून दुपारीच बाजारात. दुकानदाराने पुन्हा पुष्कळ हातांचा प्रोसेसर पुढे केला. म्हटलं, आम्हाला चपळ हात हवेत. त्याने माझ्याकडे जरा नव्याने पाहिलं. "कुणी सांगितलं?" म्हटलं, घरी एक तज्ज्ञ आहे. छाती उगाच वीतभर फुगली.

मॉनिटरही उचलला. जिना चढवताना ताईने खालून धरला, मी वरून. मध्ये टेकवून दोघंही बसलो. ती म्हणाली, "हे सगळं त्या पोरीसाठी ना?"

मी मॉनिटरची दोरी पुन्हा आवळली.

"मग तिला सरळ सांग ना, ये म्हणून."

येते की ती. सुट्टीला दोन दिवस. त्यात दोन्ही दिवस ती झोपा काढते, बिचारी दमलेली असते. ये म्हणणं सोपं आहे. आल्यावर समोरासमोर बसून बोलायचं काय, ते ताईने सांगावं.

१ फेब्रुवारी, रविवार

मुंगीला काम आहे. आज नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

जोडाजोडी सुरू. प्रोसेसर बसवताना श्वास धरला होता. पंख्याखाली लावायचा तो मलम डाळीएवढाच लावायचा असतो, मी लाडू वळण्याएवढा लावला. पुसला. परत लावला. रॅमच्या पट्ट्या खटकन बसेपर्यंत दाबायच्या म्हणे, पण इतक्या दाबायच्या की बोर्ड वाकतो! ही पुस्तिका लिहिणाऱ्यांना भीती कशी वाटत नाही?

बोटांना कापलंय दोन ठिकाणी. डोळे चुरचुरतात. उरलेलं उद्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

चालू झालं! पहिल्या फटक्यात! सगळे पंखे फिरले. ताईला वर बोलावलं. ती म्हणाली, "आवाज येत नाही फारसा. बंद तर नाही ना?"

८ फेब्रुवारी, रविवार

हरलो. नेहमीसारखा नाही, सगळ्या बाजूंनी हरलो.

जुन्या खोक्यावर पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा अठ्ठावीस यायचा. सेकंदाला अठ्ठावीस चित्रं. एवढा खटाटोप करून नव्यावर किती? बावीस! आधीपेक्षा वाईट गचके. सावल्या बंद, झाडं बंद, धूळ बंद, गाड्यांचे दिवे बंद, जुन्या यंत्रावर मुंगीने बंद करायला लावलेलं सगळं इथेही बंद करून पाहिलं. काडीचा फरक नाही. दुसऱ्या फेरीत भिंतीवर आदळलो.

मुंगी थांबली माझ्यासाठी. सरळ गाडी उभीच केली रस्त्यात. "सावकाश ये बाबा," म्हणाली. त्या आवाजात माझी आई बोलायची तिच्या सासऱ्याशी.

मीच म्हणालो शेवटी, "मुंगे, राहू दे. तू खेळ तुझ्या ऑफिसच्या मुलांबरोबर."

"फोन करते," म्हणाली.

खूप थकलोय. हे पोटरीचं नव्हे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंची परीक्षा झाली. पास! पेढे वगैरे नाही, दवाखान्यातून टूथब्रश आणले त्यांनी माझ्यासाठी, अर्धा डझन. म्हणाल्या, "परीक्षेत शेजारी तुम्ही नव्हतात, तरी मला वाटत होतं तुमचा पाय आहे तिथे."

गाडीतून उतरताना दाराशी थांबल्या. "सर, खरं सांगा. त्या टेम्पोच्या वेळी तुम्हीच लावला होतात ना?"

मी म्हटलं, कोणता टेम्पो?

त्या हसल्या. नक्की कळलंय बाईंना. कधी कळलं असेल? आणि कळल्यावरही रोज "मीच लावला ना" म्हणत राहिल्या असतील का? माझं मन राखायला? दिवसभर हाच किडा डोक्यात.

११ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी मुंगीचा फोन. व्हिडिओवर. "बाबा, खोक्याची मागची बाजू दाखव."

"जाऊ दे ना आता."

"दाखव म्हणते ना."

भिंतीपासून खोकं ओढलं, फोन मागे धरला. मॉनिटरची वायर कुठे लावलीस म्हणाली. म्हटलं, भोकात. मॉनिटरचं भोक दिसलं, त्यात लावली. तर ती इतकी हसली, इतकी हसली की फोन तिच्या हातून पडला आणि मला बराच वेळ तिच्या खोलीचं छत दिसत होतं.

वायर मदरबोर्डच्या भोकात होती! कार्डाला त्याची स्वतःची भोकं आहेत, खाली, आडवी. मी एवढं धूड आणलं, माप घेऊन खोकं घेतलं, त्याला जीव पुरावा म्हणून पॉवर सप्लाय घेतला, आणि त्याला मॉनिटरच जोडला नाही. ते बिचारं चार दिवस पंखे फिरवत नुसतं बसून होतं.

वायर बदलली. खेळ लावला. आकडा एकशे चाळीसच्या वर! रस्ता तेल लावल्यासारखा. हातात स्टिअरिंग वेगळंच लागतं, गाडी आता माझं ऐकते. मी एकटाच दोन फेऱ्या मारून आलो, मुंगी फोनवर तशीच होती.

"कसं वाटतंय?"

"सलग," म्हणालो.

"रविवारी चार वाजता," म्हणाली ती. "ऑफिसातल्यांना नाही म्हटलंय मी. कधीच म्हटलंय. आणि बाबा, आता सगळं चालू कर. सावल्या, झाडं, सगळं."

१४ फेब्रुवारी, शनिवार

सगळं चालू केलं. झाडांना पानं आली. धूळ उडते. गाड्यांचे दिवेसुद्धा लागतात, पुढचे आणि मागचे. उद्या हिला हरवणार! आता कुठलंही निमित्त उरलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

एकही गचका नाही. एका गाडीच्या अंतराने हरलो.

दुसऱ्या फेरीतला तो लांब सरळ रस्ता. पुढे सगळं मोकळं, वळण कुठल्या कुठे. आणि मुंगीच्या गाडीचे ब्रेकचे लाल दिवे लागले. क्षणभर, अगदी हलकेच. मी जवळ पोचलो, विझले. पुढच्या सरळ रस्त्यावर परत लागले. तिसऱ्या फेरीत मी मुद्दाम ढिला पडून पाहिलं. दिवे जरा जास्त वेळ लागून राहिले.

इतके रविवार हे दिवे बंद होते माझ्याकडे.

"आज तर अगदी टेकला होतास बाबा! पुढच्या रविवारी जिंकणार तू," म्हणाली.

"बघच," म्हणालो.

मग सेटिंगमध्ये गेलो आणि गाड्यांचे दिवे पुन्हा बंद केले. नाहीतर गाडी सोडून तिच्या पायाकडेच बघत बसेन.